पिंपामागची रेंज

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हाताचा पंजा दाखवून थांबवलं होतं. आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात चौथ्या पायरीवर मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. कानाला हेडफोन होता आणि पलीकडून नांदेडच्या एक बाई विचारत होत्या, की नवऱ्याच्या ऑपरेशनचे कागद विमा कंपनीने परत का पाठवले. तेवढ्यात खालून हा आला. खांद्यावर शिडी, गळ्यात केबलचं वेटोळं. मी पंजा दाखवला, तो थांबला.

त्या बाईंचं समाधान व्हायला नऊ मिनिटं लागली. नऊ मिनिटं हा माणूस शिडी खांद्यावर घेऊन उभा. खाली ठेवली तर आवाज होईल म्हणून त्याने ती ठेवलीही नाही, हे मला कॉल संपल्यावर कळलं.

"मॅडम, घरात घेत नाहीत का तुम्हाला?" त्याने विचारलं.

"मला घेतात. रेंजला घेत नाहीत."

तो हसला. दमलेला माणूस हसतो तसं, अर्धंच. गळ्यातल्या इंटरनेट कंपनीच्या ओळखपत्रावर नाव होतं — प्रबुद्ध हिवराळे. चारकोपातला आमचा सेक्टर त्याच आठवड्यात त्याच्याकडे आला होता. मी सात वेळा तक्रार केली आहे, हे मी त्याला ऐकवलं. त्याने खिशातून पेन काढून तळहातावर आमचा खोली नंबर लिहून घेतला आणि वरच्या मजल्यावरच्या मधुवंती काकूंकडे गेला.

माझी अडचण साधी होती. मी एका विमा कंपनीच्या हेल्पलाइनवर काम करते, सकाळी आठ ते पाच. आठ महिन्यांपूर्वी बाबांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवा हात गेला, तेव्हापासून घरून. आई नाही, भावंडं नाहीत. कंपनीचा नियम असा, की महिन्यात पाच कॉल मध्येच तुटले की घरून काम बंद, ऐरोलीच्या ऑफिसला हजर व्हायचं. चारकोप ते ऐरोली जायला दोन तास, यायला दोन. म्हणजे बाबा तेरा तास एकटे. त्या महिन्यात तीन कॉल तुटले होते आणि तारीख होती नऊ.

प्रबुद्ध दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला आला. लॅपटॉप उघडला, तर रेंज झकास. दांड्या पूर्ण भरलेल्या. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी लॅपटॉपकडे.

"सकाळी खरंच नसते," मी म्हटलं.

"मी आलो की येते?"

"तुम्हाला घाबरत असेल."

"मला कोणी घाबरत नाही, मॅडम. पाच वर्षांचं पोरगंपण नाही."

तरी तो तसाच निघून गेला नाही. राउटर टीव्हीच्या मागे जमिनीलगत पडला होता, तो त्याने उचलून भिंतीवर खांद्याएवढ्या उंचीवर ठोकला. वायर बदलली. शेजारच्या घरांचे राउटर ज्या चॅनेलवर होते तो सोडून दुसरा लावला. बाबा टीव्ही बघत होते. बाबांचा टीव्ही म्हणजे फुल आवाज. मी कॉलवर असले तरी नाही, डॉक्टर आले तरी नाही, ते आवाज कमी करत नाहीत. आजारपणात एवढंच काय ते त्यांच्या हातात उरलं आहे, म्हणून मीही भांडायचं सोडून दिलं. त्या आवाजातच त्यांनी प्रबुद्धला गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. कोकणातली माणसं विचारतातच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने जालना जिल्हा म्हणून सांगितलं, हिवराळे म्हणून सांगितलं आणि बाबांच्या डोळ्यांत सरळ बघत राहिला. हा प्रश्न त्याला नवीन नसावा. बाबांनी डाव्या हाताने मी ठेवलेला चहाचा कप त्याच्याकडे सरकवला. मग म्हणाले, "चाय थंड होताहा, पी आधी."

मग तो येतच राहिला. दर दोन-तीन दिवसांनी, संध्याकाळी, आमच्या बाजूचं काम संपवून. दर वेळी रेंज पूर्ण. मला वाटायला लागलं की हा मला खोटारडी समजतोय. त्याला तसं म्हणून दाखवलं, तर म्हणाला, खोटं बोलणारी माणसं जिन्यात बसत नाहीत. हे वाक्य मला नको तेवढं आवडलं. अंघोळ करताना आठवलं, बाबांना भरवताना आठवलं. बत्तीस वर्षांच्या बाईने इतक्या लहानशा वाक्यावर आठवडा काढू नये, पण काढला.

बावीस तारखेला चौथा कॉल तुटला. खोटं कशाला सांगू, मी रडले. त्याला फोन केला आणि वाट्टेल ते बोलले. तुम्ही येता, चहा पिता, भिंतीला भोकं पाडता आणि जाता, असंही बोलले. त्याने ऐकून घेतलं.

"मी उद्या सकाळी येतो," तो म्हणाला. "माझ्या वेळेला नाही... तुमच्या वेळेला."

तो साडेसातला आला. डोळे लाल. रात्रभर रस्त्याच्या खोदकामात तुटलेली लाइन जोडत होता, थेट तिथूनच आला होता. माझी सकाळ त्याने पहिल्यांदाच पाहिली. सहाला पाणी येतं ते तासभरच. त्यात पॅसेजमधलं निळं पिंप गळ्यापर्यंत भरायचं, दिवसभर तेच पुरवायचं. मग बाबांची दाढी, गोळ्या, पेज, आणि आठच्या ठोक्याला लॅपटॉप. त्याने माझ्या टेबलाशी बसून पाहिलं. एकच दांडी, तीही येते-जाते.

"आहे की बिघाड," तो म्हणाला. इतक्या समाधानाने म्हणाला, की मला त्याही परिस्थितीत हसू आलं.

पण कारण सापडेना. तो राउटरपाशी गेला, टेबलापाशी आला, पुन्हा गेला. मग जरा विचार करतो म्हणून दाराजवळच्या वेताच्या खुर्चीत टेकला, आणि विचार करता करता झोपला. टीव्हीवर बातम्या ओरडत होत्या, हा मान एका बाजूला टाकून गाढ. हातातला स्क्रू ड्रायव्हर तेवढा घट्ट धरलेला. मी तो हळूच सोडवून घेतला... त्याची बोटं गरम होती. उठवायला हवं होतं. मी लॅपटॉप घेऊन जिन्यात जाऊन बसले. चाळीस मिनिटांनी तो धडपडत बाहेर आला, सॉरी सॉरी म्हणत, आणि माझ्याकडे न बघता खाली उतरला.

त्यानंतर दोन दिवसांनी कुठेतरी पाइपलाइन फुटली आणि सकाळी नळाला थेंब आला नाही. पिंपाच्या तळाला चार तांबे पाणी. मी कपाळाला हात लावून आठ वाजता टेबलाशी बसले, तर रेंज पूर्ण. नऊला पूर्ण, अकराला पूर्ण, दुपारी एकला पूर्ण. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला फोन केला. काय बदललं, त्याने विचारलं. काहीच नाही, मी सांगितलं, उलट आज पाणीपण नाही, वाट लागलीय.

तिकडून त्याने एकदम विचारलं, "पिंप कुठे असतं तुमचं?"

तो अर्ध्या तासात आला. पॅसेजमध्ये उकिडवा बसला. एका बाजूला हॉलमधला राउटर, दुसऱ्या बाजूला माझ्या खोलीतलं टेबल, आणि बरोबर मधे दोनशे लिटरचं निळं पिंप. पाणी रेंज खातं, त्याने सांगितलं. सकाळी पिंप भरलं की मधे पाण्याची भिंत. दिवसभर कपडे, भांडी, बाबांची अंघोळ होऊन संध्याकाळी ते तळाला जातं, की भिंत गेली. आणि तो नेमका संध्याकाळी यायचा.

"एवढे दिवस मी त्याच्यावर हात टेकवून उभा राहायचो," तो म्हणाला.

रिकामं होतं म्हणून पिंप सहज सरकलं. आम्ही दोघांनी ते मोरीच्या कोपऱ्यात नेलं. नळापासून पाइप पुरेना, तर त्याने खाली जाऊन हार्डवेअरच्या दुकानातून दोन हात जास्त पाइप आणला. दुसऱ्या सकाळी पाणी आलं, पिंप गळ्यापर्यंत भरलं, आणि मी दांड्यांकडे बघत बसले. हलल्या नाहीत. महिना चार कॉलवर संपला. ऐरोली टळली.

आणि प्रबुद्धही यायचा थांबला. साहजिकच होतं. बिघाडच नाही, तर येणार कशाला?

बारा दिवस गेले. सगळं सुरळीत चाललं होतं आणि मी मात्र आधीपेक्षा जास्त दमत होते. संध्याकाळी सहाला चहा टाकताना हात आपोआप तीन कप काढायचा, मी एक परत ठेवायचे. बाबा दाराकडे बघायचे. शेवटी एकदा म्हणालेच, "तो झील येवक नाय गो?" आमच्याकडे पोटच्या पोराला झील म्हणतात.

मी फोन लावला. त्याने सवयीने विचारलं, "बोला मॅडम, काय तक्रार आहे?"

खोटं सुचत होतं. रेंज जाते म्हणून सांगता आलं असतं.

"तक्रार नाही," मी म्हटलं. "बाबा विचारत होते... मी पण."

तो सहाला आला. शिडी नव्हती, गळ्यात केबल नव्हती. दारातच उभा राहिला, हात कुठे ठेवावेत ते कळत नसल्यासारखा. मी त्याला बस म्हटलं. तुम्ही-बिम्ही काही नाही, सरळ "बस ना". तो त्याच वेताच्या खुर्चीत बसला.

"एक सांगू?" तो खाली बघत म्हणाला. "दिवसाला वीस घरं करतो मी. सगळीकडे उभ्याने. कोणी बस म्हणत नाही, म्हटलं तरी बसवत नाही. घरी गेलो तरी पडून जागाच असतो. इथे झोप लागली त्या दिवशी. वर्षभरात तशी लागली नव्हती." मग त्याने वर पाहिलं. "दर्शना, मला तुमच्या घरात... तुझ्या घरात झोप लागते. अजून काय सांगू मी?"

अजून काही सांगायची गरज नव्हती. दमलेल्या बाईला हे किती खोलवर कळतं, ते त्याला ठाऊक नसेल.

"मला तू हवा आहेस," मी म्हटलं. "रेंज असो नसो."

बाबांच्या टीव्हीच्या आवाजातही ते त्याला ऐकू गेलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले. मी चहा टाकायला आत गेले. तीन कप काढले, तिन्ही राहू दिले. ट्रे घेऊन बाहेर आले तर तो खुर्चीत मान टाकून झोपला होता.

बाबांच्या मांडीवर रिमोट होता. त्यांनी तो उजव्या हातात धरायचा प्रयत्न केला, जमेना. मग डाव्या हाताने उजवा अंगठा बटणावर ठेवला आणि दाबला. पुन्हा दाबला. आठ महिन्यांत पहिल्यांदा आमच्या घरात पंख्याचा आवाज ऐकू आला.

"निजांदे तेका," बाबा हळू आवाजात म्हणाले. "दमलो असतलो तो."