‘पुन्हा या’ म्हणायचं नाही

हसा, हसा. समिधा, तू तर पोटभर हसून घे. सोमवारपासून तुलाच पुस्तकाच्या दुकानात उभं राहायचंय. तेव्हा तुझा हा आत्माराम काका आठवेल.

एकतीस वर्षं मी गुणवंतशेठच्या दुकानात काढली, भाईंदर पश्चिमेला. काय एकेक नमुने बघितले म्हणून सांगू! एक गृहस्थ रोज संध्याकाळी येऊन एकाच रहस्यकथेची दोन-दोन पानं उभ्याउभ्या वाचायचे आणि खुणेला बसचा पास ठेवून जायचे. एके दिवशी ते पुस्तक विकलं गेलं, पासासकट. माझ्याशी आठ दिवस अबोला. वर म्हणे, “निदान खुनी कोण ते तरी बघून ठेवायचं होतं तुम्ही!” एक बाई मुलीचं लग्न जमावं म्हणून व्रताची पोथी घेऊन गेल्या आणि तीन महिन्यांनी परत घेऊन आल्या. “लागू नाही पडली. दुसऱ्या कंपनीची द्या.” ताकाला जाऊन भांडं लपवणारे तर रोजचेच. पाककृतीचं पुस्तक मागायचं आणि डोळा पलीकडच्या फळीवर.

पण एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगताना मला हसू येत नाही. ते गिऱ्हाईक मी पाहिलेलंही नाही. पाहिलं ते नेल्सननं. लाइट राहू दे, कौस्तुभ, नको लावू. रस्त्यावरचा उजेड येतोय तेवढा पुरे.

दुकानात अगदी खालच्या फळीवर एक पुस्तक आम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायचो. गरुडपुराण. घरात कोणी गेलं की दहा दिवस वाचतात, एरवी कोणी घरात ठेवत नाही. ते मागायला आलेल्याला ‘कोण गेलं’ असं विचारायचं नाही. ‘कितवा दिवस?’ एवढंच. तो म्हणतो तिसरा, चौथा, की गुपचूप पुडकं हातात द्यायचं. आणि मुख्य म्हणजे, देताना ‘पुन्हा या’ म्हणायचं नाही. एरवी शेठचा दंडक असा, की खोडरबर घेणाऱ्या पोरालासुद्धा ‘पुन्हा या’ म्हटलंच पाहिजे. फक्त त्या एका पुस्तकाला नाही.

नेल्सन डोंगरीचा, ख्रिश्चन, चोवीस वर्षांचा. कामाला वाघ. दोन वर्षं माझ्या हाताखाली होता. ‘कितवा दिवस’ हे माझं ऐकून ऐकून त्याला पाठ झालं होतं, पण त्यामागचं काही मी त्याला कधी समजावलं नाही. म्हटलं, ह्याला काय करायचंय आपल्या सुतका-बितकाशी? तिथंच चुकलं माझं.

२०२५ सालची सात फेब्रुवारी. शुक्रवार, माघातली दशमी. शेठ सुरतेला गेलेले. मी दाढ काढून गोडदेवला घरी पडलेलो, गाल हा एवढा सुजलेला. दुकानात नेल्सन एकटा.

त्या दिवशी त्याला दुकान बंद करून मुर्ध्याला हळदीला जायचं होतं. तिथल्या काळूरामच्या मुलाची, भावेशची हळद. खरं बोलावणं होतं त्याच्या आईला, एल्साबाईला. एल्साबाई तीस वर्षं डोंगरीची भाजी टोपलीत घालून मुर्ध्याला विकायला जायची. काळूरामच्या आईच्या, रखमाबाईच्या ओट्यावर टोपली उतरवायची, चहा प्यायची आणि मग पुढचं गाव. दोघींची गट्टी अशी, की भावेश पाळण्यात असतानाच रखमाबाईनं सांगून ठेवलेलं, ह्याच्या हळदीत पहिली हळद तुझ्या गालाला, एल्से. पुढं रखमाबाई वारली, त्यालाही नऊ वर्षं झाली. आणि आता हळद आली तर एल्साबाई हृदयविकारानं दुखणाईत. डॉक्टरांनी सांगितलेलं, रात्री एकटं ठेवायचं नाही.

सकाळी ती नेल्सनवर रुसलीच होती. “मी रखमाला शबूद दिलता. मला ने.”

“मम्मी, तिथे डीजे असतो. तुला सोसायचं नाही. मी पाकीट देतो, दोन घास खातो आणि दहाच्या आत घरी येतो. प्रॉमिस.”

“दहा म्हंजे दहा,” म्हातारी म्हणाली.

पावणेआठला नेल्सन पुस्तकं आवरत होता. वर बघतो तर काउंटरपाशी एक म्हातारी. हिरवं लुगडं, कपाळावर आडवं गोंदण. कधी आली, कळलं नाही.

“गरुडपुरान हाय?”

त्यानं खालच्या फळीवरचं पुडकं काढलं आणि सवयीनं विचारलं, “कितवा दिवस, आज्जी?”

“उद्या पयला.”

आता मी असतो तर हातातलं पुडकं तिथंच ठेवलं असतं. नेल्सनला ह्यात काही वावगं वाटलंच नाही. त्यानं पुडकं पुढं केलं. म्हातारीनं पदरातून हात काढला नाही.

“तू एल्साचा पोर ना? मुर्ध्याला हळदीला येतंस ना? तिथंच आन.”

त्या रस्त्यावर त्याच्या आईला कोण ओळखत नाही! त्याला नवल वाटलं नाही. “आणतो की, आज्जी.”

“आईस घरा एकटीच हाय?”

“हो. आज एकटीच.”

तिनं मान हलवली आणि वळली. आणि आमच्या ह्या शहाण्यानं, शेठनं शिकवल्याप्रमाणे, हसून हाक मारली, “पुन्हा या हां, आज्जी!”

म्हातारी पायरीवर थांबली. मागं न बघता म्हणाली, “येईन.”

साडेआठला नेल्सन मुर्ध्याला पोचला. आगऱ्यांची हळद म्हणजे काय असते ते तुम्हाला सांगायला नको. दारात मांडव, भिंतीएवढा डीजे, सगळी पिवळी झालेली माणसं. पोरी त्याच्याकडे हळदीचे हात घेऊन धावल्या, तर हा पळाला. “शर्ट कामाचा आहे!” त्यानं काळूरामला पाकीट दिलं. मग पुडकं दिलं.

“एका आज्जींनी दुकानातून घेतलंय. म्हणाल्या इथं आण. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण. आल्या नाहीत का अजून?”

काळूरामनं कागदाचा कोपरा उघडला. आतलं नाव वाचलं. त्याची बायको सुगंधा हसत पुढं आली होती, तिनंही वाचलं. तिचं हसू तसंच राहिलं, नुसते डोळे भिंतीकडे गेले.

भिंतीवर फोटो होता. हार घातलेला. गेलेल्या माणसाचा मान म्हणून फोटोच्या काचेवर, डाव्या गालावर, हळदीचं बोट लावलेलं.

“ह्याच…” नेल्सन म्हणाला.

काळूरामनं त्याला दंडाला धरून घराच्या मागं नेलं. “काय नेसली होती म्हनलास?”

“हिरवं लुगडं.”

“हिरवंच…” काळूराम म्हणाला. “नेताना तेच नेसवलंवतं आईला.”

मांडवात डीजे वाजत होता.

नऊ वाजता मला नेल्सनचा फोन आला. तोंडात कापसाचा बोळा, बोलता येत नव्हतं, तरी मी पहिलं हेच विचारलं, “जाताना ‘पुन्हा या’ म्हणालास?”

“म्हणालो ना, अंकल. सगळ्यांनाच म्हणतो.”

उद्या पहिला दिवस, म्हणजे आजच्या रात्रीत कोणीतरी जाणार. पोथी गेली हळदीच्या घरात. मग कोण जाणार? मला दुसरं काही सुचलंच नाही, पोरांनो. नवरामुलगाच दिसला डोळ्यांपुढं. म्हटलं, “नेल्सन, भावेशला नजरेआड होऊ देऊ नकोस. उजाडेपर्यंत तिथून हलू नकोस.”

“अंकल, मम्मी एकटी आहे. दहाला येतो म्हणालोय.”

“शेजारच्या पॅट्रिशियाला लक्ष ठेवायला सांग. मम्मीला काय होतंय? पोथी तिच्या घरी थोडीच गेलीय!”

असं बोललो मी. ह्याच तोंडानं.

काळूरामचंही तेच. पुडकं त्यानं मांडवाबाहेर, गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या टेम्पोत ठेवायला लावलं आणि नेल्सनला म्हणाला, “तू आनलंस. आता पोराला संबाळ.”

दहा वाजता नेल्सननं पॅट्रिशियाला फोन केला. ती म्हणाली, मम्मीनं पेज खाल्ली, गोळी घेतली, आतून कडी लावून झोपली. काळजी करू नको. त्याला जरा बरं वाटलं. तरी दर दहा मिनिटांनी फोन बघत होता.

साडेबाराला भावेशच्या मित्रांना हुक्की आली, उत्तनच्या समुद्रावर जाऊया. भावेश बाईकवर बसलासुद्धा. नेल्सननं धावत जाऊन चावी काढली आणि खिशात टाकली.

“ए, तू कोण रे? चावी दे!”

“नाही देणार. मार पाहिजे तर.”

भावेश दोन शिव्या देऊन आत गेला. नेल्सन त्याच्या मागोमाग.

दोन वाजले. डीजे कधीचाच बंद झालेला. माणसं जागा मिळेल तिथं आडवी झाली. भावेश खुर्चीतच घोरायला लागला. समोर नेल्सन. दाराशी काळूराम. दोघं त्या पोराचा श्वास बघत बसलेले.

तीन वाजले. काही नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी नेल्सनचा फोन थरथरला. मम्मी.

“मम्मी? काय झालं? दुखतंय?”

“न्हाय रे.” आवाज हलका, झोपेतून उठल्यासारखा. “दार कोन वाजवतंय बग.”

“पॅट्रिशिया असेल. मम्मी… आधी विचार कोण आहे. मम्मी?”

पलीकडे पावलं. मग काहीच नाही.

मग एल्साबाई हसली. मोकळं हसली. तशी हसताना नेल्सननं तिला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

“अगो बाय… तू? ये, ये. किती वर्सानी…”

फोन बंद झाला.

नेल्सन उभा राहिला. त्याला पायरीवरची म्हातारी आठवली. मागं न बघता ‘येईन’ म्हणालेली. बोलावलं कोणी होतं तिला? त्यानंच.

काळूरामनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि दारातून बाजूला झाला. भावेशची चावी खिशातच होती.

राई गेलं. मोर्वा गेलं. रस्त्यावर कुत्रंही नाही. तो मोठमोठ्यानं प्रार्थना म्हणत होता आणि मध्येच नुसतंच मम्मी, मम्मी म्हणत होता. फोन लावत होता. रिंग जात होती. कोणी उचलत नव्हतं.

घरात अंधार. दार बंद. त्यानं हाका मारल्या, दार ठोकलं. त्या आवाजानं पॅट्रिशिया टॉर्च घेऊन धावत आली.

“तू आली होतीस का मघाशी? दार वाजवलंस?”

“मी? न्हाय रे. मी आता उठतंय.”

कडी आतून होती. दोघांनी खांदे लावले. तिसऱ्या धक्क्याला बिजागरी निघाली.

एल्साबाई दाराकडे तोंड करून खुर्चीत बसली होती. मान किंचित वर. कोणी हनुवटीला हात लावून उचलावी, तशी. नेल्सन उंबऱ्यातच थांबला. पॅट्रिशियाच आत गेली. हात धरून बघितला. मग तो हात परत मांडीवर ठेवला.

पुढं काय… उजाडलं. भावेशचं लग्न थाटात झालं. आज त्याला एक मुलगी आहे. डोंगरीत त्या दिवशी पहिला दिवस होता. ती पोथी मी टेम्पोतून आणली आणि देवळात नेऊन दिली. मातीला गेलो, तेव्हा नेल्सनच्या नजरेला नजर देववेना मला. त्या रात्रीचं सगळं त्यानंच मला सांगितलं. पुन्हा दुकानात मात्र आला नाही.

एवढंच सांगायचं राहिलं. नेल्सननं त्या रात्री अंगाला हळद लावून घेतली नव्हती. पॅट्रिशिया हळदीला गेलेलीच नव्हती. घराला दुसरं दार नाही, आणि कडी आतून होती.

पॅट्रिशियानं टॉर्च एल्साबाईच्या तोंडावर धरला, तेव्हा डाव्या गालावर हळद होती.

एकाच बोटाची.

ओली.