बहात्तर किलो वाळू

शिडाच्या होड्यांच्या तारा जुळवणं हा माझा धंदा. डोलकाठी किती झुकवायची, कुठली तार किती आवळायची, शीड कुठे सैल सोडायचं, हे सगळं जमलं की सुकाणूचा दांडा सोडून दिला तरी होडी सरळ जाते. नाही गेली तर चूक होडीची नसते, तारा जुळवणाऱ्याची असते. पंचवीस वर्षं मी हे ऐटीत सांगत आलो. एकदाच ते मला गिळावं लागलं.

होडी एका निवृत्त शिक्षिकेची होती. धक्क्यावर सगळे त्यांना बाई म्हणत. यजमान मागच्या वर्षी आजारपणात गेले आणि तेव्हापासून बाई एकट्याच होडी काढायच्या. उजवा खांदा मात्र कामातून गेलेला.

"मिस्त्री, ती सारखी वाऱ्याकडे वळते. दांडा ओढून धरता धरता माझा जीव जातो," त्या म्हणाल्या. "नाही जमलं तर विकून टाकते. मग घरी बसून भिंती मोजेन."

"दोन तासांचं काम आहे," मी म्हटलं.

डोलकाठी पुढे झुकवली. मागची तार सैल केली. मोठं शीड ताणून सपाट केलं. दांडा सोडला की होडी हट्टी बैलासारखी वाऱ्याकडे वळायचीच. दोन तासांचे तीन दिवस झाले. धक्क्यावरच्या लोकांनी माझी चांगलीच फिरकी घेतली.

तिसऱ्या दिवशी माझं लक्ष कल दाखवणाऱ्या काचेच्या नळीकडे गेलं. होडी हवी त्याहून दोन अंश जास्त कलत होती. फार कललेली होडी वाऱ्याकडे वळते, त्यात नवल नाही. पण ही कलत का होती? आम्ही दोघं रीतीप्रमाणे वाऱ्याच्या, म्हणजे वर उचललेल्या अंगाला बसलो होतो. समोरचा, खालच्या अंगाचा बाक रिकामा होता. तळ कोरडा होता. होडी वळवून वारा दुसऱ्या अंगाला घेतला आणि आम्ही बाक बदलले. होडी पुन्हा तेवढीच जास्त कलली, जणू न दिसणारं एखादं ओझंही बाक बदलून पुन्हा आमच्या समोर गेलं होतं.

आमच्या कामात माणसांच्या जागी वाळूच्या पिशव्या ठेवून होडी तपासतात. मी आमच्या बाजूला एकेक पिशवी ठेवत गेलो. बहात्तर किलो झाले आणि दांडा बाईंच्या हातात लोण्यासारखा मऊ पडला. सोडला, तरी होडी सरळ.

बाईंनी समोरच्या बाकाकडे पाहिलं.

"हे तिथंच बसायचे. मी कितीदा सांगितलं, अहो, वाऱ्याकडे बसा. तर म्हणायचे, शेजारी बसलं की तुझं तोंड दिसत नाही." मग हळूच म्हणाल्या, "बहात्तरच होते. आजारी पडेपर्यंत."

"योगायोग असतो, बाई."

असं म्हणून मी होडी किनाऱ्यावर घेतली आणि तळाची फळी न् फळी ठोकून पाहिली. काही सापडलं नाही.

पुढच्या रविवारी त्याच बहात्तर किलोंनी होडी उलट वाऱ्यापासून दूर वळू लागली. मी वाळू काढत गेलो. सहासष्टला ती सरळ झाली.

"पुढच्या रविवारी एकसष्ट होईल," बाई म्हणाल्या.

"कशावरून?"

"आजारपणात दर रविवारी मी त्यांचं वजन लिहून ठेवत होते."

एकसष्टच झालं. मी पिशव्या दोनदा तोलल्या. त्यानंतर चौपन्न. दुसरी कामं टाकून मी रविवारची वाट बघू लागलो. खरं सांगायचं तर मला नुसती उत्सुकता होती आणि त्याची आज लाज वाटते, कारण बाई रोडावत चालल्या होत्या.

अठ्ठेचाळीसला त्या म्हणाल्या, "यापुढचं लिहिलेलं नाही. पुढे त्यांना काट्यावर उभंच राहता येईना."

"म्हणजे पुढच्या रविवारी..."

"पुढच्या रविवारी ते गेले."

परत येताना त्या एवढंच म्हणाल्या, "एकटीनं होडी चालवायची म्हणूनच तुम्हाला बोलावलं होतं, मिस्त्री. आता ते एकटेपणच नको वाटतंय."

त्या रविवारी आम्ही सकाळी नऊला निघालो. वारा मंद होता. अठ्ठेचाळीस किलो वाळू आमच्या बाजूला होती.

होडी वाऱ्यापासून दूर वळू लागली.

मी सगळी वाळू काढून मधोमध ठेवली. समोरचं ओझं गेलं असेल तर आता ती सरळ जायला हवी होती.

ती वळतच राहिली.

भार आता आमच्याच बाजूला जास्त होता. बाकावर आम्ही दोघंच होतो.

बाई किंचित सरकून बसल्या. "मिस्त्री," त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही जरा समोर बसता का?"

मी उठून समोर बसलो. होडी सरळ झाली.

बाईंनी दुखऱ्या खांद्यावरून पदर नीट केला आणि हात खाली घेतले.

तेवढ्यात वाऱ्याची एक जोराची झुळूक आली. दांडा हवा तेवढाच, चार बोटं बाईंच्या बाजूला ओढला गेला, क्षणभर तिथंच थांबला आणि झुळूक सरल्यावर सावकाश मधोमध आला.

बाईंचे दोन्ही हात मांडीवर होते.