चार वाजून पाच मिनिटांचा फोन

“पाचला इन्स्पेक्टर येणार आहेत मला न्यायला,” ती दारातूनच म्हणाली. “त्याआधी तुम्ही चला.”

तीन वाजले होते. भाऊजींनी हातातलं शब्दकोडं बाजूला ठेवलं. वहिनींकडे येणारी माणसं कधी रडत येत, कधी चिडत येत. ही पोरगी दोन्ही उरकून आल्यासारखी दिसत होती.

भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले आणि घरी बसून माशा मारण्यापेक्षा बरं म्हणून वहिनींच्या खासगी तपासाच्या कामात मदतीला लागले. मदत म्हणजे वही सांभाळायची आणि चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा. दुसरं काम त्यांना फार छान जमे.

पोरीने वाटेतच सगळं सांगितलं. तिचे वडील, तात्या, कवळ्या बनवायचे. वर कारखाना, खाली घर. काल साडेचारला ती केस धुऊन न्हाणीघरातून बाहेर आली, तर तात्या जिन्याच्या पायथ्याशी पडलेले. डोक्याला मागून घाव बसलेला. जवळच प्लास्टरचा जड साचा आणि तात्यांचा फोन. तेव्हापासून ते शुद्धीवर नव्हते.

“घरात मी एकटीच होते, म्हणून मीच मारलं म्हणतात. दवाखान्यात त्यांच्या खोलीबाहेर हवालदार बसवलाय. मला आत सोडत नाहीत हो! माझा बाप तिथे एकटा पडलाय आणि मी इथे बाहेर.” आता मात्र तिला रडू फुटलं.

कारखान्यात फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले होते. भाऊजींना उगाचच आपली दाढ दुखतेय असं वाटलं. पॉलिशचं काम करणारी बाई यंत्राशेजारी हाताची घडी घालून उभी होती.

“मी साडेतीनला गेले,” ती म्हणाली. “सासूबाईंचं ड्रेसिंग करायला नर्स येते चारला. विचारा तिला.”

“सकाळी काय झालं?” वहिनींनी विचारलं.

“बाप-लेकीचं वाजलं. हिला परदेशात नोकरी लागलीय ना! त्यासाठी पूर्ण किंमत मोजून फोन घेतला. तात्या म्हणाले, मी माझे दोन्ही फोन कंपनीच्या प्लॅनवर अर्ध्या किमतीत घेतले, माझं काय अडलं? ही म्हणाली, तुमच्यासारखा कंपनीच्या खुंटीला बांधलेला फोन मला नको. तात्या म्हणाले, तुला घरच नकोय, असं सरळ बोल की! एवढंच. दहा मिनिटांनी दोघं एकत्र चहा पीत होते.”

“आणि हे काय?” वहिनींनी टेबलावरची डबी उचलली. आत एक कवळी होती, सोबत दंतवैद्याची चिठ्ठी. पेशंटच्या हिरड्यांना फोड आले होते. माल नेहमीचा नाही, अशी तक्रार होती.

“ती कालच परत आली. तात्यांनी हातात घेतली आणि म्हणाले, ही माझ्या हातची नव्हे. दुपारी विचारतो म्हणाले.”

“कुणाला?”

“मी फक्त पॉलिश करते बाई. कवळ्या तात्या बनवतात, नाहीतर त्यांचा पुतण्या.”

“हीच ती,” भाऊजी जिना उतरताना पुटपुटले. “फार हाताची घडी घालते.”

“भाऊजी, तुम्ही वही लिहा.”

खाली बैठकीत पोरीने आपला नवा फोन दाखवला. काल दिवसभर तो इथेच, टेबलावर चार्जिंगला होता.

“सिम कुठलं आहे यात?”

“अजून घातलंच नाही. तिकडे पोचल्यावर तिथलं घालणार. पासवर्डसुद्धा टाकला नाहीये.”

वहिनींनी खोकं उघडलं. वायर, कागद, आणि पुठ्ठ्यात एक लहानसा खळगा. त्याचा आकार पानासारखा होता आणि तो रिकामा होता.

“इथे पिन होती ना? सिमचा कप्पा उघडायची?”

“होती! परवा मी स्वतः पाहिली.” तिने खोकं उलटं केलं, टेबलाखाली पाहिलं. पिन कुठेच नव्हती.

सव्वाचारला पुतण्या आला. इस्त्रीचा शर्ट, आवाजात मध. “काकू, विचारा काय विचारायचं ते. माझे तर हातपाय चालेनासे झालेत. तात्यांनी वाढवलं मला.”

“काल कुठे होतास?”

“चारला इथून निघालो, दंतवैद्याकडे. पंधरा मिनिटांची वाट. चार वाजून पाच मिनिटांनी रस्त्यातून तात्यांना फोन केला, की कागद विसरलो. ते म्हणाले, राहू दे, उद्या दे. सव्वाचारला मी तिथे पोचलो, पाचपर्यंत तिथेच होतो.”

“फोन कशावरून केलास?”

“माझा फोन सकाळीच दुरुस्तीला टाकला होता. संध्याकाळी सातला मिळाला, ही पावती. दुपारी तात्यांनी त्यांचा जुना फोन दिला, त्यात माझं सिम घातलं. तो फोन पोलिसांकडे दिलाय मी.”

भाऊजींनी मान डोलावली. गडी सरळ वाटत होता.

इन्स्पेक्टर पाचाच्या आधीच आले. वहिनींना पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“बाई, यात काही उरलं नाही. दोन्ही कंपन्यांकडून कॉलच्या याद्या मागवल्यात, तात्यांच्या आणि याच्या. दोन्हींत तो कॉल आहे. चाळीस सेकंद बोलणं झालं. म्हणजे चार वाजून पाच मिनिटांनी तात्या धडधाकट होते. दंतवैद्याकडची मुलगी सांगते, हा सव्वाचारला घामाघूम होऊन आला. मधल्या वेळात घरात कोण होतं? ही.”

“कॉल घरातूनही झालेला असू शकतो ना?”

“टॉवर एकच आहे, त्यावरून नाही कळत. पण रस्त्यावरच्या माणसाचा फोन घरातून कसा येईल?”

“तेच बघू या. तो जुना फोन आणलाय ना? चालू करा.” मग वहिनी पुतण्याकडे वळल्या. “बाळा, तुझं सिम काढ आणि यात घालून दाखव.”

पुतण्याने खांदे उडवले. किल्ल्यांच्या जुडग्यातून पिन काढली, सिम काढलं, जुन्या फोनमध्ये सरकवलं. पडद्यावर आधी तात्यांच्या कंपनीचं चिन्ह आलं. मग खाली एक ओळ उमटली. भाऊजींनी चष्मा सावरून मोठ्याने वाचली, “हे सिम या फोनमध्ये चालणार नाही.”

इन्स्पेक्टरांनी फोन हातात घेऊन ती ओळ पुन्हा वाचली.

“प्लॅनवर अर्ध्या किमतीत घेतलेला फोन कंपनी आपल्या सिमला बांधून ठेवते,” वहिनी म्हणाल्या. “दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं तर तो ढिम्म हलत नाही. याने असा फोन कधी वापरला नसावा. सिम कुठेही चालतं अशीच याची समजूत.”

“पण कॉल तर झालाय!” इन्स्पेक्टर म्हणाले.

“झालाय. याचा स्वतःचा फोन दुरुस्तीला, जुना फोन सिम घेत नाही. मग हे सिम तेव्हा कुठे होतं? वाटेत कुणाचा फोन मागून घेतला असता तर याने तसं सांगितलं असतं. ज्याच्याबद्दल सांगता येत नाही, असा एकच फोन होता. अनलॉक, कुठलंही सिम घेणारा, पासवर्ड नसलेला. तो काल या टेबलावरून हलला नाही.”

त्यांनी पुतण्याच्या हातातली पिन घेतली आणि खोक्यातल्या खळग्यात ठेवली. पानाच्या आकाराची पिन तिथे चपखल बसली.

“खराब माल तूच वापरलास. तात्यांनी जाब विचारला आणि पाठ फिरवली, तेव्हा तू त्यांच्या डोक्यात साचा घातलास आणि ते जिन्यावरून खाली कोसळले. न्हाणीघरात पाणी वाजत होतं, हिला काही ऐकू गेलं नाही. मग तू खाली आलास. तात्या चार वाजून पाच मिनिटांनी बोलत होते असं दिसलं की तू सुटलास! या फोनमध्ये सिम घातलंस, तात्यांच्या फोनवर कॉल लावलास आणि तो तूच उचललास. चाळीस सेकंद दोन्ही फोन हातात धरून उभा राहिलास, त्यांच्याकडे बघत. मग पंधरा मिनिटांची वाट दहा मिनिटांत धावलास. दाखवायला म्हणून जुना फोन उचलून नेलास, पण एकदाही वापरून पाहिला नाहीस. साहेब, कॉल कुठल्या फोनमधून झाला तेही कंपनीकडे नोंदलेलं असतं. विचारा आणि या खोक्यावरच्या नंबराशी ताडून बघा.”

इन्स्पेक्टरांनी फोन लावला. उत्तर यायला सहा मिनिटं लागली. भाऊजींना ती शाळेच्या तासापेक्षा लांब वाटली. इन्स्पेक्टरांनी खोक्यावरचे आकडे एकेक करून बोटाने तपासले आणि सोबत आलेल्या हवालदाराला खूण केली.

“ते सगळ्या दंतवैद्यांना कळवणार होते,” पुतण्या भिंतीला टेकत म्हणाला. “मला कुणी दारात उभं केलं नसतं.”

“म्हणून माझ्या तात्यांना मारलंस, दादा?” पोरीने विचारलं. हवालदाराने त्याला दंडाला धरून बाहेर नेलं.

पोरगी इन्स्पेक्टरांकडे वळली. “आता तरी जाऊ मी त्यांच्याकडे?”

“जा,” ते म्हणाले. मग जरा ओशाळून म्हणाले, “गाडी देतो.”

दवाखान्यात दारावरचा हवालदार बाजूला झाला. ती आत धावली ती थेट खाटेपाशी. भाऊजी आणि वहिनी उंबऱ्यातच थांबले. तात्यांना नुकतीच शुद्ध आली होती. कालची दुपार त्यांना आठवतच नव्हती. ते फक्त लेकीची वाट बघत होते.

“कुठे होतीस गं?” आवाज अगदी बारीक होता.

“इथेच होते, तात्या. मी कुठे जात नाही आता. सगळं रद्द करते.”

“गाढव आहेस.” ते दम घ्यायला थांबले. “विमान कधी?”

“बुधवारी.”

तात्यांनी मान वळवून नर्सकडे पाहिलं. “बाई, बुधवारपर्यंत मला उभं करा. लेकीला पोचवायला जायचंय.”