चौऱ्याहत्तर गुणिले दोन

"ही जागा रिकामी आहे का?"

शलाकाने आधी हिंदीत विचारलं होतं. मग त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर 'उन्मेष पागे, ग्रंथालय' असं वाचून मराठीत. आता तिसऱ्यांदा विचारलं, तरी खिडकीशी बसलेल्या त्या माणसाने मान वळवली नाही. संस्थेची बस स्नेहलतागंजहून सुटली होती, सिमरोलपर्यंत तासाभराचा रस्ता होता, आणि ध्वनिप्रयोगशाळेत रुजू होऊन तिला जेमतेम आठवडा झाला होता. उद्धटपणाची एवढी सवय तिला अजून नव्हती.

"मॅडम," गाडी चालवता चालवता लक्ष्मणभिया ओरडले, "साहब उस कान से नहीं सुनते. बैठ जाओ आप, कुछ नहीं कहेंगे."

ती बसली. तेव्हा कुठे तो दचकला.

"सॉरी हं. मी रोज पलीकडच्या रांगेत बसतो, म्हणजे शेजारचा माणूस डाव्या बाजूला येतो. आज तिकडची काच फुटलीये, अन् ठंड तर बघा... तुम्ही काही विचारलंत का?"

"तीनदा."

"मग एकदाच उत्तर देतो. रिकामी आहे."

तिला हसू आलं, पण तिने ते बाहेर येऊ दिलं नाही.

त्याच्या मांडीवर जुना सीडी प्लेअर होता. इअरफोनची एक गोळी डाव्या कानात, दुसरी नुसतीच लोंबत होती. तिची नजर त्या गोळीवर गेलेली त्याने पाहिली.

"ऐकायचंय? ही बाजू माझ्या काही कामाची नाही. लहानपणी गालगुंड झालं, तेव्हापासून उजवा कान बंद आहे."

तिने गोळी उजव्या कानात घातली. भांड्यांचा आवाज. कुकरची शिट्टी. मग एका बाईचा स्वर, जरा वैतागलेला – "उन्म्या, जीरावन मसाल्याची बरणी कुठे ठेवलीस? पोहे गार होतायत."

शेजारी तो डोळे मिटून गुडघ्यावर बोटांनी ठेका धरत होता. कुकर आणि ठेका यांचा मेळ कुठेच बसेना.

"आई गातेय," तो हळूच म्हणाला. "भूप. आता बघा, इथे समेला जरा उशिरा येते. दर वेळी."

शलाकाने गोळी कानात नीट बसवून पाहिली. एखादी गोष्ट पक्की कळल्याशिवाय बोलायचं नाही, ही तिची सवय होती.

"डिस्क बघू?" तिने विचारलं.

डिस्कवर शाईने लिहिलं होतं – 'शारदा, ७४ × २'.

"आई मी अकरा वर्षांचा असताना गेली," तो म्हणाला. "बाबांनी ही डिस्क कधी लावलीच नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हा कपाटात सापडली. चौऱ्याहत्तर मिनिटांच्या दोन डिस्क असणार. दुसरी मी अख्ख्या घरात शोधली. माळा, ट्रंका, मामाचं घर... नाहीच कुठे."

"दुसरी डिस्क नाहीये," शलाका म्हणाली.

"तुम्हाला कसं माहीत?"

"तेव्हा कोऱ्या डिस्क सहज मिळत नसत. तुमच्या बाबांनी बहुतेक दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवले. एकाचा आवाज डाव्या बाजूला सोडला, दुसऱ्याचा उजव्या. एकाच वेळी. स्टिरिओ गेला, पण त्याच डिस्कवर दुप्पट मावलं. तुम्ही कायम डावीकडचंच ऐकत आलात." ती थांबली. "उजवीकडे त्या गात नाहीयेत. बोलतायत. तुमच्याशी."

तिने आपल्या कानातली गोळी काढून त्याच्या हातात ठेवली.

त्याने डिस्क पहिल्यापासून लावली आणि ती गोळी डाव्या कानात घातली. तेजाजी नगर गेलं, घाट आला, शेतं आली. तो मान खाली घालून ऐकत राहिला. फक्त एकदा, आपल्याच नादात, कुणाला तरी उत्तर द्यावं तसं म्हणाला, "फडताळात."

खिडकीची काच दुसऱ्याच दिवशी बसली. तो आपल्या नेहमीच्या जागी गेला आणि डावीकडची जागा शलाकाची झाली. तसं ठरवलं कुणीच नव्हतं. तो पिशवी ठेवायचा, ती आली की उचलायचा.

"गाणं मला पाठ होतं," एकदा तो म्हणाला. "पण ती बोलायची कशी, ते मी विसरलो होतो. हे कुणाला सांगितलं नव्हतं."

"मग मला का सांगताय?"

"तुम्ही चांगल्या कानाच्या बाजूला बसता ना. ज्यादा होशियार आदमी तिकडेच बसवावा."

"आणि पहिल्या दिवशी?"

"पहिल्या दिवशी तुम्ही चुकीच्या बाजूने आलात, अन् बरोबर ऐकलंत."

 अशा वेळी शलाका खिडकीबाहेरचा गहू बघत असे.

मार्चमध्ये देहराडूनहून पत्र आलं. दोन वर्षांचं संशोधनाचं काम, तिला हवं होतं तेच. जायचं हे तिचं पक्कं होतं. होकार सोमवारपर्यंत कळवायचा होता. पक्कं नव्हतं ते एवढंच, की या जागेवरून नुसतं उठून जायचं, की काही सांगून.

"अभिनंदन," उन्मेष म्हणाला. जरा घाईनेच. मग बराच वेळ पिशवीचा बंद सोडत आणि बांधत बसला.

त्याची डिस्क अलीकडे अडखळायला लागली होती. बाबांनी पुढे कधीतरी घेऊन ठेवलेली एक कोरी डिस्क त्याने कपाटातून आणून दिली होती, तिच्यावर शलाका प्रत करणार होती. बुधवारी संध्याकाळी प्रयोगशाळेत ती कामाला बसली. डावीकडचं गाणं साफ केलं; ते पुरं चौऱ्याहत्तर मिनिटं होतं. उजवीकडचं बोलणं मात्र एकाहत्तराव्या मिनिटाला संपत होतं. तीन मिनिटं रिकामी.

तिने माइक जोडला, रेकॉर्डिंग सुरू केलं. सव्वादोन मिनिटं रिकामीच गेली. मग चाळीस सेकंद बोलली, आणि पुन्हा न ऐकताच डिस्क लिहायला लावली, कारण ऐकलं असतं तर पुसलं असतं.

उन्मेषला ते बोलणं कुठे संपतं हे ठाऊक होतं. पुढे ऐकत राहायचं त्याला काही कारण नव्हतं. हे तिला कळत होतं, आणि यात धीर किती अन् पळवाट किती, हेही.

गुरुवारी तिने डिस्क दिली. शुक्रवारी तो बसमध्ये नव्हता.

शनिवार-रविवार तिने सामानाची यादी केली. यादी दोनदा केली.

सोमवारी ती बसमध्ये चढली तेव्हा तिच्यापुढे कार्यशाळेतला बंटी होता. उन्मेष आपल्या जागी होता, शेजारी पिशवी.

"खाली है क्या, भिया?" बंटीने विचारलं.

"नहीं भिया," उन्मेष म्हणाला. "बुक है. दो साल तक."

"दो साल?"

"ज्यादा भी लग सकते हैं."

बंटी हसत मागे गेला. शलाका तिथेच उभी राहिली, दांडा धरून. डिस्कवर ती एवढंच म्हणाली होती – मी जाणार आहे, त्याबद्दल विचारत नाही. पण परत आल्यावर ही जागा माझीच असावी असं मला वाटतं. तुम्हालाही वाटत असेल, तर सांगा.

"बैठ जाओ मॅडम, गाडी निकालनी है," लक्ष्मणभिया म्हणाले.

उन्मेषने पिशवी उचलली. ती बसली.

"शुक्रवारी सुट्टी घेतली," तो म्हणाला. "तीनदा ऐकली पूर्ण."

"एकाहत्तर मिनिटांनंतर... बंद का नाही केलीत?"

"करणारच होतो. पण आईचं बोलणं संपल्यावर जी शांतता आली, ती आमच्या घरची नव्हती. मागे बारीक घूं-घूं होतं. तुझ्या प्रयोगशाळेतल्या एसीचं. म्हटलं, ही गप्प बसलीये म्हणजे आता काहीतरी बोलणार."

'तुझ्या' हा शब्द दोघांनाही ऐकू आला.

"उत्तर मीही डिस्कवरच देणार होतो," तो म्हणाला, "पण तू जागाच ठेवली नाहीस. तोंडानेच सांगावं लागतंय." तो तिच्याकडे वळला. आवाज अगदी खाली आला. "मलाही वाटतं, शलाका. पहिल्या दिवसापासून."

बस सुटली. तिने फोन काढला, देहराडूनला होकार लिहिला, आणि पाठवण्याआधी त्याला दाखवला. त्याने नीट वाचला आणि मान हलवली.

"जीरावन मिळतं का तिकडे?"

"नाही मिळत."

"मग मला यावंच लागेल," तो म्हणाला, आणि एक गोळी तिच्यापुढे धरली.