नासवेळ

"प्रत्येक डब्यात गंधमापक बसवलाय," नियंत्रण प्रयोगशाळेत डॉ. शार्ङ्गधर वामोरकर गार्ड यमुना गेडाम यांना सांगत होते. "आतला माल किती तासांत नासेल, ते तो हवेवरून ओळखतो. ही झाली नासवेळ. घाटात इंजिनाला सगळे डबे ओढवत नाहीत. कमी नासवेळेचे पुढे जातील, उरलेले उद्या."

"आणि माणसं, साहेब?"

"माणूस कुरकुरतो, बाई. नासत नाही."

"कोणी आजारी असलं तर?"

"हाताने क्रम बदलायची सोय ठेवली, तर रोज कुणाची तरी मावशी आजारी पडेल."

गेडामबाईंनी मान डोलावली. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी बरेच हुशार लोक पाहिले होते.

महिन्याभराने साहेब स्वतः गेडामबाईंच्या मिश्र गाडीत बसले. प्रवाशांचा डबा एकच. बाकी संत्री, भाजी, सिमेंट. सकाळपासून पोटात दुखत होतं, त्यात समोर शेवंता मेश्राम झिंग्यांची टोपली घेऊन बसलेली.

"ही घाण मालडब्यात टाका," साहेब म्हणाले.

"राहू द्या ना जी," एक म्हातारा म्हणाला. "आम्ही आळीपाळीनं कोणी ना कोणी..."

"मला गाडी शिकवू नका." अडाण्यांना उत्तर देण्यात साहेब वेळ घालवत नसत.

टोपली गेली. वर साहेबांनी डब्यात अत्तर फवारलं.

घाटाच्या पायथ्याशी, टेंभूरखेड्याला, प्रवाशांचा डबा सुटा करून बाजूला ढकलला गेला. तोवर साहेब पोट धरून वाकले होते. फोनवर डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स. सहा तासांत शस्त्रक्रिया हवी. इस्पितळ घाटापलीकडे, रस्ता नाही. आणि इंजिनात किंवा कुलूपबंद मालडब्यात प्रवासी चढवायला बंदी, तीही साहेबांचीच.

"इंजिन दहा मिनिटांत सुटेल," गेडामबाई म्हणाल्या. "इतके दिवस हा डबा कधी मागं राहिला नाही, साहेब. झिंगे असायचे ना."

साहेबांना आता कुठे म्हाताऱ्याचं वाक्य पुरं ऐकू आलं.

शेवंताने पिशवीतून झाकणाचा डबा काढला. "घरच्या कालवणाला ओंजळभर ठेवले होते. घाण आहे, चालंल ना?"

झाकण उघडताच साहेबांना उमासा आला. "निदान... बर्फात तरी ठेवा."

"बर्फात ते टिकतील," गेडामबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही इथंच राहाल. उन्हात धरा."

साहेबांनी डबा खिडकीतल्या उन्हात धरला. छताजवळच्या गंधमापकावरचा आकडा हलला, पण संत्र्यांच्या खाली येईना.

"अत्तर आडवं येतंय," शेवंता म्हणाली. "वर धरा. अजून वर."

दोन्ही हातांनी झिंगे डोक्यावर धरून साहेब उभे राहिले. त्यांच्याच रचनेतला सर्वांत नाशवंत माल म्हणून इंजिन त्यांना न्यायला मागे आलं.