सात नंबरच्या आजी

काम तसं पाच मिनिटांचं होतं. तिसऱ्या मजल्यावर जायचं, सलाईनचा एक स्टँड घ्यायचा आणि खाली आणायचा.

कुणी उद्याच्या भाजीचं सांगावं, तशी काकांनी गोष्ट सुरू केली. वीज गेली होती. गॅलरीत दोघी पुतण्या त्यांच्यासमोर पांघरूण घेऊन बसल्या होत्या. थोरली पुढच्या महिन्यात नर्सिंग शिकायला जाणार होती, म्हणून गोष्ट दवाखान्यातलीच हवी हा तिचा हट्ट. काकांनी सत्तावीस वर्षं दवाखान्याचं भांडार सांभाळलेलं, त्यामुळे गोष्टींना तोटा नव्हता.

"मागच्या वेळी शेवटी मांजर निघालं होतं," धाकटी म्हणाली.

"या वेळी मांजर नाही," काका म्हणाले. "आणि ऐकीवही नाही. ज्याच्यावर गुदरली, त्याच्यासोबत मी रोज चहा प्यायचो."

तो माणूस तिथे वॉर्डबॉय होता. पन्नाशी उलटलेली, पण सगळे त्याला मामाच म्हणत. पेशंट मामा म्हणायचे, डॉक्टर मामा म्हणायचे, बायको डबा द्यायला आली की चुकून तीही मामा म्हणून हाक मारायची, असं काकांनी सांगितलं आणि दोघी हसल्या.

साथ सरून चौथं वर्ष लागलं होतं. फेब्रुवारीची अकरा तारीख, मंगळवार उजाडायचा होता. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. वेळ इतकी नेमकी ठाऊक, कारण चावी नेताना मामाने भांडाराच्या वहीत ती लिहिली होती. त्या रात्री अचानक पेशंट वाढले, खाली स्टँड पुरेना, म्हणून रात्रपाळीच्या सिस्टरने त्याला वर पाठवलं. तिसरा मजला म्हणजे साथीतला वॉर्ड. आता तिथे जुन्या खाटा आणि गाद्या टाकलेल्या होत्या.

साथीनंतर मामा तिथे एकदाही गेला नव्हता. काही आणायचं निघालं की गुडघ्याचं निमित्त काढून दुसऱ्याला पाठवायचा. त्या रात्री पाठवायला दुसरं कुणी नव्हतं.

का जात नव्हता, असं थोरलीने विचारलं. काकांनी आधी तेच सांगितलं.

साथीच्या दिवसांत वॉर्डातला प्रत्येक जण नखशिखांत पांढऱ्या किटमध्ये असायचा. चष्म्यावर वाफ धरायची, डोळेसुद्धा धड दिसायचे नाहीत. डॉक्टर कोण आणि झाडू मारणारा कोण, कळायला मार्ग नाही. म्हणून जो तो किटवर छातीशी मार्करने लिहायचा. कुणी डॉक्टर, कुणी सिस्टर. मामा 'मामा' लिहायचा.

सात नंबरच्या खाटेवर एक आजी होत्या. त्यांचा मुलगा त्याच दवाखान्यात, खालच्या मजल्यावर होता. तो गेला. त्याला नेणारी गाडी मामानेच ढकलली. आजींना धक्का सोसवणार नाही, तूर्त सांगू नका, असं डॉक्टरांनी सगळ्यांना बजावलं. इकडे आजी पाण्याचा थेंब घेईनात. मुलगा येईपर्यंत नको म्हणायच्या. ऑक्सिजनचा मास्क ओढून फेकायच्या.

मामाला ते बघवेना. एका रात्री त्याने नवं किट चढवलं आणि छातीवर काही लिहिलंच नाही. कोऱ्या किटमध्ये तो सात नंबरजवळ गेला, आजींचा हात हातात घेतला आणि म्हणाला, आई, मी आलोय.

आजींनी मास्क लावू दिला. पाणी प्यायल्या. रात्रभर त्याचा हात सोडला नाही. पहाटे म्हणाल्या, उद्याही ये. तो म्हणाला, येतो.

"गेला का मग?" धाकटीने विचारलं.

नाही गेला. घरी पोचल्यावर त्याला धडकी भरली. ज्याला आपण पोचवलं, त्याच्या जागी आपण बसलो. उद्या तिने घरातलं काही विचारलं तर काय सांगायचं? त्याने पाळी बदलून घेतली आणि वेगळा मजला मागितला. पुढचे तीन दिवस आजी खाटेजवळून जाणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या किटला विचारत राहिल्या, "तू का रे?" नाही आजी, मी सिस्टर, असं कुणी सांगायचं. मग दुसरं किट. "तू का रे?" चौथ्या दिवशी आजी गेल्या.

हे मामाला कळलं तिथून त्याची झोप उडाली. साथ ओसरली, लोकांनी मास्क फेकून दिले, लग्नं पुन्हा धूमधडाक्यात व्हायला लागली. हा मात्र सालपटं निघेपर्यंत हात धूत राहिला. डोळा लागला की दचकून उठायचा आणि दाराकडे बघत बसायचा. दवाखान्याने कर्मचाऱ्यांसाठी मनाचे डॉक्टर बोलावले, त्यांनी सगळ्यांना एक कागद भरायला दिला. झोप लागते का, या प्रश्नापुढे मामाने 'नीट लागते' यावर खूण केली. वेड्यात काढतील, कामावरून काढतील, ही भीती. बायकोशीही बोलला नाही. आणि त्या रात्रीच्या महिनाभर आधी, जानेवारीत, एका पेशंटची गाडी ढकलताना त्याला उभ्याउभ्या डुलकी लागली. गाडी थेट जिन्याच्या तोंडाशी गेली. सिस्टरने झडप घालून धरली म्हणून निभावलं. पुन्हा असं झालं तर आपल्या हातून कुणीतरी मरणार, हे त्याला पक्कं कळत होतं.

"तर असा माणूस तो जिना चढत होता," काका म्हणाले.

तिसऱ्या मजल्यावरचा दिवा गेलेला होता. मामाने बॅटरी लावली, कुलूप काढलं. आत धुळीचा वास. भिंतीला टेकवलेल्या गाद्या. खाटा एकावर एक रचलेल्या. स्टँड मात्र पार टोकाला, खिडकीपाशी. आणि तिथली एक खाट अजून जागच्या जागी होती.

सात नंबरची.

हलवायची राहिली असेल, असं मनाशी म्हणत तो पुढे गेला. पाच मिनिटांचं काम. त्याने स्टँडला हात लावला…

बुडबुड… बुडबुड…

ऑक्सिजन सुरू असला की भिंतीवरच्या बाटलीतल्या पाण्यातून बुडबुडे निघतात. साथीत काम केलेला माणूस तो आवाज जन्मात विसरत नाही. पण त्या मजल्याचा ऑक्सिजन केव्हाच बंद केलेला. मामाने बॅटरी भिंतीकडे नेली. बाटली होती. कोरडी. आत कोळ्याचं जाळं. जाळं हलत नव्हतं.

बुडबुड…

त्याने स्टँड उचलला. वळला. दोन पावलं टाकली.

आवाज थांबला.

मग मागून… अगदी क्षीण…

"तू का रे?"

गॅलरीत धाकटीने पाय पांघरुणात ओढून घेतले.

पळावं असं मामाला वाटलं. आणि मग त्याच्या लक्षात आलं… चेहरा उघडा आहे. किट नाही. मास्क नाही. मागे वळलं तर तिला दिसेल. आपण तिचा मुलगा नाही, हे दिसेल. मागे जे काही होतं त्याच्यापेक्षा त्याला याचीच भीती जास्त वाटली.

बॅटरी मंदावली.

"तू का रे?"

हो म्हणायचं. एवढंच. हो म्हणायचं आणि दार ओढून घ्यायचं. शब्द ओठांवर आला होता.

तो वळला.

"नाही, आई," मामा म्हणाला. "मी मामा. इथला वॉर्डबॉय. तुमचा मुलगा… तुमच्या आधीच गेला. मीच नेलं त्याला. तुम्हाला सांगितलं नाही. येतो म्हणालो… आणि आलो नाही. घाबरलो."

काही नाही.

खूप वेळ… काही नाही.

बॅटरी विझली.

अंधारात खाट करकरली. कुणी अंग चोरून बाजूला सरकावं, जागा करून द्यावी… तशी.

"ये. बस इथे."

थोरलीने काकांचं मनगट धरलं होतं. ते सोडवून न घेताच काका पुढे बोलले.

त्यानंतरचं मामाला काही आठवत नाही. सकाळी सव्वासहापर्यंत चावी परत आली नाही, म्हणून सिस्टरने काकांना घरून बोलावून घेतलं. दोघं वर गेले. सिस्टर रात्रभर धुमसत होती, स्टँड तिला शेवटी दुसऱ्या वॉर्डातून मागून आणावा लागला होता. मामा सात नंबरच्या उघड्या पत्र्यावर पाय पोटाशी घेऊन गाढ झोपला होता. घोरत होता. आम्ही खाली मरतोय आणि मामांची इथे मजा आहे, असं सिस्टर म्हणाली, पण दबक्या आवाजात.

जागा झाल्यावर त्याने काकांना सगळं सांगितलं. दुपारी आपल्या पायांनी मनाच्या डॉक्टरांकडे गेला आणि तिथेही सांगितलं. औषधं घेतली, चार महिने रात्रपाळी बंद ठेवली. आता झोपतो.

"मग काका, ते स्वप्न असेल," थोरली हळूच म्हणाली. "इतकी झोप साठली की माणसाला नसलेलं ऐकू येतं. होतं तसं."

"असेल," काका म्हणाले. "डॉक्टरही तेच म्हणाले. मीही तेच म्हटलं असतं."

मग त्यांनी आवाज खाली आणला.

"पण त्याला उठवायच्या आधी मी त्याच्या तोंडावर उजेड धरला होता. त्या मजल्यावर पाणी नाही, नळ केव्हाच काढलेत. आणि याचे केस ओले होते. बाजूला भांग पाडून चापूनचोपून बसवलेले. कंगव्याच्या रेषा दिसत होत्या. आणि हनुवटीच्या दोन्ही बाजूंना… बोटांचे ठसे. केस विंचरताना पोरगं हलू नये म्हणून आई धरते ना… तसे."