मागच्या शॉकवरचं कडं

अमोल गेल्यावर बाराव्या दिवशी त्याच्या सायकलची फ्रेम आली. घरात पाहुण्यांची भांडी अजून घासायची होती आणि कुरिअरवाला दारात सही मागत उभा. खोकं माणसाएवढं लांब, आणि उचलायला गेलं तर हलकं. अमोलच्या बायकोने, सुवर्णाने सही केली, खोकं आतल्या खोलीत कपाटामागे उभं केलं आणि पुढचे आठ महिने त्या बाजूला पाहिलं नाही.

इंदिरानगरातल्या त्या लहानशा फ्लॅटमध्ये सायकलचं सामान मात्र जिथेतिथे निघायचं. चाकं पलंगाखाली, ब्रेक तांदळाच्या डब्यामागे, हँडल माळ्यावर. अमोल दोन वर्षं एकेक भाग जमवत होता. कार्बनची, पुढे आणि मागे दोन्हीकडे शॉक असलेली, डोंगरात चालवायची सायकल, आणि तीही स्वतःच्या हाताने जोडायची, हे त्याचं वेड. फ्रेम मागवली तेव्हा त्याच्या पोटाचं दुखणं कळून पाच महिने झाले होते. आता कशाला मागवतोयस, असं सुवर्णाने विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

सुवर्णा अंबडच्या एका प्रयोगशाळेत वजनकाटे तपासायची. सोनाराचा असो की कारखान्याचा, काटा खरं बोलतो की नाही हे ठरवणं तिचं काम. सवय अशी हाडीमाशी खिळलेली, की दवाखान्यात अमोलला पहिल्यांदा काट्यावर उभं केलं तेव्हा ती सिस्टरला म्हणाली, तुमचा काटा तीनशे ग्रॅम जास्त दाखवतोय. अमोल इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. पुढे दर तपासणीचा आकडा तिने फाइलच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिला, ते तीनशे ग्रॅम वजा करून. अठ्ठ्याहत्तर, चौऱ्याहत्तर, एकोणसत्तर, त्रेसष्ट, पंचावन्न, सत्तेचाळीस, एकेचाळीस.

शेवटचे दोन आकडे कलाबाईंना, म्हणजे अमोलच्या आईला, कळू द्यायचे नाहीत अशी अमोलची सक्त ताकीद होती. आईने मला असं पाहायचं नाही, एवढंच तो म्हणायचा. विंचूरहून त्यांचा फोन आला की सुवर्णा सांगायची, झोपलेत, आज बरं आहे. कलाबाईंनी आयुष्यभर कांद्याच्या गोण्या उचलल्या होत्या. गोणी जराशी हलवून ती किती किलोची ते सांगायच्या आणि अर्ध्या किलोपलीकडे चुकायच्या नाहीत. अशा बाईला थाप मारणं सोपं नव्हतं. तरी सुवर्णाने दोन महिने मारली, आणि नंतर त्यांच्यासमोर मान वर करायची तिला लाज वाटत राहिली.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी तिने खोकं फोडलं. का, ते तिला सांगता आलं नसतं. रविवार जात नव्हता, एवढंच.

जोडणीला सात रविवार लागले. अमोलच्या वहीत सगळं क्रमाने लिहिलेलं होतं. कार्बन जास्त आवळला की आतून तडकतो आणि वरून काही दिसत नाही, म्हणून प्रत्येक बोल्ट किती आवळायचा त्याचा आकडा होता. असल्या कामाला सुवर्णासारखं माणूस शोधून सापडलं नसतं. तो आकडा लावलेला पाना टक वाजला की ती थांबायची, वर अर्धा आटासुद्धा नाही. ब्रेकच्या नळीतली हवा काढताना फरशीभर तेल सांडलं, साखळी एकदा उलटी ओवली गेली, आणि कोणी पाहिलं नाही म्हणून तिने स्वतःला माफ केलं. संध्याकाळी एकटीपुरती खिचडी टाकायची आणि हॉलच्या मधोमध उभ्या राहत चाललेल्या त्या काळ्या सायकलकडे बघत खायची. घरात दुसरं कोणी असल्यासारखं वाटायचं. तिला तेवढंही पुरत होतं.

वहीच्या शेवटच्या पानावर मागच्या शॉकचं माप होतं. शॉकमध्ये पंपाने हवा भरायची, ती अशी की चालवणारा बसल्यावर शॉक ठरावीक दबला पाहिजे. शॉकच्या दांड्यावर एक रबरी कडं असतं. सीटवर बसून ते शॉकच्या तोंडाशी सरकवायचं आणि अलगद उतरायचं. शॉक पुन्हा उघडला की तोंड आणि कडं यांत जेवढं अंतर पडेल, तेवढा तो दबला होता. साडेसोळा मिलिमीटर हवेत. अमोलने हवेचा दाब स्वतःच्या वजनाला लिहून ठेवला होता. सुवर्णा चोपन्न किलोची. तिने हवा कमी केली, पार्किंगच्या भिंतीला हात टेकून बसली, उतरली, व्हर्नियरने अंतर मोजलं. साडेसोळा.

जानेवारीतल्या थंडीत ती सकाळी सातला निघाली. पांडवलेणीच्या पायऱ्यांवर फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते, पण डोंगराच्या मागे, विल्होळीच्या अंगाला, फारसं कोणी फिरकत नाही. वाळक्या गवतातून एक पायवाट वर चढते आणि सपाट काळ्या खडकावर संपते. अमोल दर रविवारी जुन्या सायकलने तिथवर यायचा. खाली हायवेची घरघर होती, आणि कुठेतरी गवत जाळल्याचा वास. उतार सुरू करण्याआधी पुन्हा एकदा माप घ्यावं, असं वहीत होतं. बाजूच्या उभ्या दगडाला हात टेकून ती सीटवर बसली, आणि सीट खाली गेली.

खूपच खाली. पॅडल जवळजवळ खडकाला लागलं. तिने कडं सरकवलं, उतरली, मोजलं. एकोणचाळीस.

हवा गेली असणार, म्हणून पंप लावून पाहिला. दाब जागच्या जागी होता. ती पुन्हा बसली आणि पुन्हा एकोणचाळीसच आले. उतारावर ब्रेक जास्त वेळ दाबावे लागले, सायकल गोण्या लादल्यासारखी जड, पण ठाम चालत होती. पार्किंगमध्ये येऊन मोजलं तर साडेसोळा.

दुसरं कोणी असतं तर सायकल दुकानात नेऊन टाकली असती. सुवर्णाने प्रयोगशाळेतून बाद झालेली वजनं आणली. प्रत्येकाची चूक तिला पाठ होती. पाठीवरच्या पिशवीत पाच किलो, दहा, पंधरा असं भरत सायकलवर बसायचं, कडं मोजायचं, आलेखावर टिंब द्यायचं. तीस किलोपुढे पाठीने हात टेकले, तेव्हा तिने रेघ पट्टीने वाढवली. एकोणचाळीस मिलिमीटरच्या खाली आकडा पाहिला. स्वतःचं सोडून वरचं वजन अठ्ठ्याहत्तर किलो.

ती बराच वेळ स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून राहिली. भीती वाटायला हवी होती. तिला आनंद झाला, लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता इतका.

पुढच्या रविवारी तिने थर्मासमध्ये दोघांचा चहा नेला. खडकावर सायकलवर बसली, कडं सरकवलं आणि लगेच उतरलीच नाही. दगड धरून तासभर बोलत राहिली, ऑफिसातलं, सोसायटीच्या पाण्याचं, त्याच्या आईच्या गुडघ्याचं. उत्तर येत नव्हतं. पण सीट खाली होती, आणि कित्येक महिन्यांत तिचं कोणी इतका वेळ ऐकून घेतलं नव्हतं. घरी येऊन आलेख पाहिला. चौऱ्याहत्तर.

त्याच्या पुढच्या रविवारी एकोणसत्तर. तेव्हा तिने फाइल काढली.

पेन्सिलीचे आकडे त्याच क्रमाने होते. त्रेसष्टला तिने स्वतःची समजूत घातली की मोजण्यात चूक असेल. पंचावन्नला तिला त्याच्या खांद्याची हाडं आठवली. सत्तेचाळीस आले त्या दिवशी ती थेट घरी आली, बेडरूमच्या भिंतीला आकडा ठोकून सायकल टांगली आणि चालवणं बंद केलं. यादीत एकच आकडा उरला होता. तो मोजायचाच नाही. मोजला नाही तर अमोल कुठे जाणार नव्हता.

चार रविवार गेले. मग गुडघा दाखवायला कलाबाई विंचूरहून आल्या आणि भिंतीवरच्या सायकलखाली चटईवर झोपल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी भाजी निवडता निवडता सुवर्णाने त्यांना सगळं सांगून टाकलं. खडक, कडं, आकडे, आणि फोनवरचं खोटंही. कलाबाईंनी शंका घेतली नाही. उठल्या, सीटखाली तळवा लावला आणि गोणी हलवून पाहतात तशी सायकल किंचित उचलून पाहिली.

"सत्तेचाळीसला कसा व्हता गं तो?"

सुवर्णाला पुन्हा खोटं बोलवेना. "रात्रभर कण्हायचे, आई. पाणीसुद्धा उतरत नव्हतं."

कलाबाईंनी सीटखालचा तळवा काढून घेतला. "मंग तिथंच आडकून ठेवला व्हय त्याला? नको पोरी. सोड त्याला." मग हळूच म्हणाल्या, "मला पाहू दिला नाय तुम्ही. आता येवढं कर. त्याला म्हणावं, आईकडं जा."

शनिवारी त्या विंचूरला परतल्या. रविवारी सुवर्णाने सायकल खाली काढली.

खडकावर वारा नव्हता. सीट आजवरच्यापेक्षा कमी दबली. एकेचाळीस किलो, आलेख न पाहताही तिला कळलं. ती दगड धरून बसून राहिली. ऊन पाठीवर आलं, चहा निवला. त्याच्याशी बोलायला आज काही नव्हतं. शेवटी तिने ते शब्द उच्चारले, नीट, सांगितले होते तसेच.

"आईकडे जा."

उतारावरच्या दुसऱ्या वळणाला सायकल अचानक उसळली. ब्रेक एका बोटाने लागले. पायथ्याशी मोजलं तेव्हा साडेसोळा. तिने हँडलवर डोकं ठेवलं आणि पोटभर रडली. खूप दिवसांनी तिला हलकं वाटलं.

मंगळवारी संध्याकाळी कलाबाईंचा फोन आला. आवाजात हसू होतं.

"सुवर्णे, आला गं. बाजेवर बसून शेंगा निवडत व्हते, तर मांडीवर वजन आलं. तीन किलो. जल्मला तवा येवढाच व्हता."

सुवर्णाच्या डोळ्यांत पाणी आलं. बरं झालं म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं. गुरुवारी तिनेच फोन केला. अकरा किलो, कलाबाई म्हणाल्या, आता चालायला लागायचा. शनिवारी त्यांचा श्वास तुटत होता.

"आज किती, आई?"

"तीस असंल. उठवत नाय मला." मागे बाजेचा सुंभ करकरला. "पण उठायचं कशाला?"

सुवर्णाने सवयीने कागदावर तीन टिंबं दिली आणि जोडली. रेघ दर दिवशी जास्त उभी होत होती. ती अठ्ठ्याहत्तरला थांबेल असं त्या कागदावर कुठेच दिसत नव्हतं. रात्री तिने दोनदा फोन लावला. कोणी उचलला नाही.

पहाटे ती गाडी घेऊन निघाली. निफाडच्या पुढे धुकं होतं. विंचूरला घराच्या ओट्यावर शेजारच्या नवसाबाई उभ्या होत्या, हातात झाकलेलं ताट तसंच.

"म्हातारी कालपून जेवली नाय," त्या म्हणाल्या. "तू जा आत. म्या नाय यायची."

आत कलाबाई बाजेवर बसल्या होत्या. पाय पसरलेले, दोन्ही हात मांडीच्या वर, हवेत, कशाला तरी कवटाळल्यासारखे. जेमतेम चाळीस किलोची बाई. चेहरा घामाने भिजलेला, आणि त्यावर सुवर्णाने कधी न पाहिलेलं समाधान.

"बघ," त्या म्हणाल्या. "कसा भरलाय."

"किती झालं, आई?"

कलाबाईंनी मांडी किंचित हलवायचा प्रयत्न केला, अंदाज घ्यायला. मांडी हलली नाही.

"शंभरच्या वर गेला."

"ते कधीच एवढे नव्हते, आई."

कलाबाई नुसत्या हसल्या.

सुवर्णा गुडघ्यांवर बसली. बाजेखाली पाहिलं. मधला सुंभ ताणून खाली आला होता. तिने हात आडवा करून आत घातला. सुंभ आणि जमीन यांच्यामध्ये चार बोटांची जागा होती.

ती हात काढेपर्यंत तीन राहिली.